गुन्हा कबूल, दोन मिनिटांत

थांबा, हे आत्ताच सांगून टाकते. संपादकांनी सांगितलं होतं की कोर्टासमोरच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हसू आलं पाहिजे. मी लिहिलंही होतं. चांगली चार पानं. मग वाचून बघितलं आणि सगळं सिलेक्ट करून उडवलं. त्यात बालाजीभाऊंची गोष्टच नव्हती, आणि ती सोडून माझ्या कामाबद्दल लिहायचं म्हणजे निम्मं खोटं. आज नाही लिहिलं तर उद्या परत गिऱ्हाईक येईल, मी परत टकटक करत बसेन आणि हे राहूनच जाईल.

मी उदगीरला कोर्टासमोर बसते. पत्र्याचं शेड, एक लॅपटॉप, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ऑनलाईन अर्ज भरायच्या सेंटरचा सरकारी आयडी. मूळची चाकूरची. पप्पा शिक्षक, त्यांचं म्हणणं होतं मीपण मास्तरीण व्हावं. पण मला टायपिंगचं वेड. मराठी, इंग्रजी दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास. बोटं अशी चालतात की समोरचा माणूस वाक्य संपवायच्या आत माझं वाक्य संपलेलं असतं. सहा वर्षं झाली, लोक मला नावानं ओळखत नाहीत, "ती फास्ट टायपिंगवाली ताई" म्हणतात. मला लई भारी वाटायचं ते.

माझ्या शेजारी रज्जाक चाचा बसतात. त्यांच्याकडं अजून लोखंडी टाईपरायटर आहे. त्याला ते मशीन म्हणतात, माझ्या लॅपटॉपला खेळणं. एक अर्ज टाईप करायचा तर आधी चहा, मग माणसाला समोर बसवून सगळी हकिगत ऐकायची, मग कागद चढवायचा. तेवढ्यात माझी पाच गिऱ्हाइकं होतात. चाचा बघायचे आणि म्हणायचे, "बेटी, तेरी उंगल्या भागतीं. जरा दिमाग कू बी साथ लेके जा."

मी हसायचे.

आता काम काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं चलान म्हणजे चलान, भरलं की संपलं. तसं नसतं. पोलिसांनी गाडीचा फोटो काढला की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाईलवर मेसेज येतो. तिथंच भरलं तर विषय संपला. निम्मे लोक भरत नाहीत, कारण निम्म्यांचा मोबाईल नंबर बदललेला असतो आणि उरलेल्यांना वाटतं की सरकार विसरून जाईल. मग लोकअदालतीची नोटीस येते. त्या दिवशी माझ्या शेडपुढं जत्रा. तरी नाही भरलं तर काही चलानं कोर्टात जातात आणि समन्स येतं. समन्स आलं की त्या चलानाची केस झाली. तिला नंबर पडला. तिचा निकाल लागतो आणि तो निकाल कोर्टाच्या साईटवर तुमच्या नावानं दिसतो, बटण दाबलं की.

लोक माझ्याकडं दोन कामं घेऊन येतात. एक, "ताई, माझ्यावर काही केस हाय का बघा." दुसरं, "ताई, हे मिटवून टाका." पहिल्या कामासाठी कोर्टाची साईट उघडायची, जिल्हा, कोर्ट, नाव, वर्ष टाकायचं, ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायची आणि वाट बघायची. दुसऱ्या कामासाठी माझ्याकडं एक फॉरमॅट होता. "कबुली" नावाची फाईल. "मी खाली सही करणार विनंती करतो की, मला सदर गुन्हा कबूल आहे. मी गरीब असून घरातील एकटा कमावता आहे. तरी कमीत कमी दंड करण्यात यावा, ही विनंती." नाव बदलायचं, गाडी नंबर बदलायचा, प्रिंट. दोन मिनिटं. श्रीमंत माणूस आला तरी तो गरीब आणि एकटा कमावताच असायचा, कारण मी ती ओळ कधी बदललीच नाही.

गमती होत्याच. एका बुलेटवाल्याला सीट बेल्ट न लावल्याचं चलान आलं होतं. एक बाई आल्या, चेहरा लालबुंद. नवऱ्यानं लातूरला जातो म्हणून सांगितलं आणि चलान आलं नांदेडचं, डबल सीट, हेल्मेट नाही. मला म्हणल्या, "भरायचं नंतर बघू. मागं कोण बसलंय ते मोठं करून दाखवा." मी फोटो उघडला. मागं एक बाई, तोंडाला स्कार्फ. आणखी मोठा केला. त्या वाकून बघत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणल्या, "ही तर माझी आई हाय." आईशी त्यांचा दोन वर्षं अबोला होता आणि नवरा गुपचूप सासूला डोळे तपासायला नेऊन आणत होता. फोटोची प्रिंट घेऊन गेल्या, चलान तसंच राहिलं.

हे मी मुद्दाम सांगितलं. चलानाचा फोटो उघडायला किती वेळ लागतो हे मला चांगलं माहीत होतं. अर्धं मिनिट.

बालाजीभाऊ पहिल्यांदा आले ते तीन वर्षांपूर्वी. उदगीरमध्ये शाळेची व्हॅन चालवायचे. काडीसारखा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बालवाडीपासून सातवीपर्यंतची पोरं त्यांच्या व्हॅनमध्ये. हातात नांदेड कोर्टाचं समन्स. माझ्यापुढं सात-आठ माणसं उभी होती.

"ताई, मी त्या दिवशी नांदेडला गेलोच न्हाई," ते म्हणले.

"गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्याच. पण मी ती विकली ना. वरीस होऊन गेलं."

"टीटी दिली होती का?"

"सही करून दिली."

टीटी म्हणजे नाव बदलायचे आरटीओचे फॉर्म. आमच्याकडं जुनी मोटारसायकल अशीच विकतात. कोऱ्या फॉर्मवर मालकाची सही घेतात, गाडी घेऊन जातात आणि फॉर्म डिकीत पडून राहतात. तीन हात बदलले तरी कागदावर पहिलाच मालक. विकणारा समजतो आपण सुटलो. घेणारा समजतो आपल्याला काय घाई. उदगीर काय, देगलूर काय, लातूर काय, सगळीकडं हेच.

"मग नाव बदललं का त्यानं?" मी विचारलं.

"ते त्यानं करायचं होतं. मी कशाला मागं लागू?"

"मग कायद्यानं मालक तुम्हीच. वाद घालत बसलाव तर चार तारखा पडतील. दरवेळी नांदेड. व्हॅन कोण चालवणार?"

त्यांनी घड्याळ बघितलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती.

"मग काय करू?"

"कबुली अर्ज देते. तारखेला जा, अर्ज द्या, दंड भरा, पावती घ्या. साहेबांनी विचारलं तर फक्त हो म्हणा. बाकी काही बोलू नका."

"पण मी केलंच न्हाई."

"भाऊ, सिग्नल तोडल्याची केस हाय. खून न्हाई केलाव."

मागचे लोक हसले. बालाजीभाऊपण थोडे हसले. मी फाईल उघडली, नाव बदललं, नंबर बदलला, प्रिंट काढली. त्यांनी सही केली आणि पळत व्हॅनकडं गेले. समन्सवर कलम लिहिलेलं होतं, एकशे चौऱ्याऐंशी. मी ते अर्जात टाईपही केलं. ते कलम कशाचं हे डोक्यात आलंच नाही. सिग्नल तोडणं त्या कलमात बसतं, आणि त्या कलमाचं नाव आहे धोकादायक पद्धतीनं वाहन चालवणं.

फोटो मी उघडला नाही. साईट स्लो होती त्या दिवशी, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे बघावंसं वाटलंच नाही.

ते नांदेडला गेले, हो म्हणले, दंड भरला, त्याच दिवशी परत. दुसऱ्या दिवशी मला दोन केळी देऊन गेले. "झालं ताई. एका मिनिटात सोडलं."

मधे दोन वर्षं गेली. एक दिवस पेढ्याचा बॉक्स घेऊन आले. एका सरकारी खात्यात वाहनचालकाच्या जागा निघाल्या होत्या आणि त्यांची निवड झाली होती. वय बसायचं ते शेवटचं वर्ष. दहा वर्षं अर्ज करत होते, हे मला तेव्हा कळलं. चाचणीत जीप रिव्हर्समध्ये आठच्या आकड्यात घालायची होती. एकही दांडी न पाडता घातली, हे त्यांनी मला, चाचाला, समोरच्या चहावाल्याला, सगळ्यांना हातानं स्टेअरिंग फिरवून दाखवलं.

आता फक्त कागदपत्रं. निवड झालेल्या माणसाला एक लांबलचक फॉर्म भरून द्यावा लागतो, त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. त्यावरून पोलीस चौकशी होते. त्यात ओळीनं प्रश्न असतात. कधी अटक झाली आहे काय. कधी खटला झाला आहे काय. न्यायालयानं कधी दोषी ठरवलं आहे काय. मी भराभर टाईप करत होते. नाही. नाही.

तिथं बालाजीभाऊ म्हणले, "ताई, ते नांदेडचं?"

"ते चलान होतं हो. ती काय केस हाय का."

नाही.

त्यांनी सही केली. खिशातल्या पेनानं, नीट, पूर्ण नाव.

पंचवीस-तीस दिवसांनी ते परत आले तेव्हा शर्टाला इस्त्री नव्हती. कागद माझ्यापुढं ठेवला आणि उभेच राहिले. खात्याचं पत्र होतं. आपणास न्यायालयानं मोटार वाहन कायद्याखाली दोषी ठरवलं असताना आपण ही माहिती दडवली आहे, तरी आपली निवड रद्द का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत लातूर कार्यालयात समक्ष हजर राहून सादर करावा.

"ताई, हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

चिडले नाहीत. चिडले असते तर मी उलटून काहीतरी बोलले असते.

चाचांनी हात पुढं करून पत्र मागून घेतलं. चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा. मग बालाजीभाऊंना म्हणले, "बैठो. पहले पूरी बात बताओ. शुरू से." आणि मी, जिनं त्यांचे दोन्ही कागद टाईप केले होते, ती त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची हकिगत पूर्ण ऐकत होते. गाडी त्यांनी कोणाला विकली, तर लोह्याकडच्या एका दूधवाल्याला. का विकली, तर मुलगी शाळेला जायला लागली तेव्हा बायको म्हणली मोटारसायकल नको, भीती वाटते. बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

ऐकून चाचा म्हणले, "केस का कागज निकालो. मुंहजबानी कौन सुनेगा."

पण कागद काढायचा तर केस नंबर पाहिजे. पावती हरवलेली. समन्स कोर्टात दिलेलं. खात्याच्या पत्रात नंबर नव्हता. मी साईट उघडली, नांदेड, वर्ष, बालाजी. आता आमच्या भागात बालाजी हे नाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. साईटनं मला बालाजींची यात्राच दाखवली. पानामागून पान. मारामारीचे बालाजी, चेकचे बालाजी, जुगाराचे बालाजी. आडनाव टाकलं तरी पुष्कळ. शेवटी वडिलांचं नाव जोडून एक एक बघत गेले. गुंडप्पा. कर्नाटकच्या कडेला राहण्याचा तेवढा फायदा. बालाजी गुंडप्पा नांदेड कोर्टात एकच निघाले. खाली लिहिलेलं: निकाली. गुन्हा कबूल. दोषी. दंड. आणि कलमाच्या पुढं ते लांब नाव.

ते नाव मी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनीच स्क्रीनवर बोट ठेवून वाचलं. "धोकादायक पद्धतीने वाहन चालविणे." मग विचारलं, "हे मी हाय का?"

दुसऱ्या दिवशी शेड बंद ठेवलं आणि त्यांच्याबरोबर जळकोटवरून नांदेडची एसटी धरली. कोर्टाची नक्कल काढायची म्हणजे अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, नंबर आणि मुख्य म्हणजे धीर. रेकॉर्ड रूमच्या खिडकीत एक क्लार्क होते, चष्मा कपाळावर चढवलेला.

"कशाची केस?"

"मोटार वाहन."

"अपघात?"

"सिग्नल."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि आम्हा दोघांना बघितलं. "सिग्नलच्या केसची नक्कल मागणारी पहिलीच माणसं बघायलो. लोक पावती घेऊन पळतात. असल्या केसेसचे कागद आम्ही काही वर्षांनी फाडायला काढतो. तुमच्या वर्षाचा नंबर जवळ आलाय."

"अजून हाय ना पण?" बालाजीभाऊंनी विचारलं.

"बघतो."

आत गेले. लाल कपड्यात बांधलेले गठ्ठे, त्यांना बस्ते म्हणतात, ते एकावर एक छतापर्यंत. बालाजीभाऊ खिडकीचा गज धरून उभे होते. गेले तीन दिवस व्हॅन दुसऱ्याकडं होती. तो माणूस पोरांना व्हॅन थांबायच्या आधी उतरू देतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. क्लार्क एका तासानं परत आले, हाताला धूळ, धुळीत चार कागदांची एक पातळ फाईल.

पहिला कागद समन्स. दुसरा पोलिसांचा रिपोर्ट. तिसरा माझा.

माझा कागद मी लांबूनच ओळखला. त्या वर्षी माझा प्रिंटर उजव्या कडेला एक बारीक काळी रेघ मारायचा, वरपासून खालपर्यंत. रेघ होती. मी गरीब असून घरातील एकटा कमावता आहे. खाली बालाजीभाऊंची सही, पूर्ण नाव. क्लार्क तो कागद उलटून बघत म्हणले, "हे कुणी टाईप केलंय? सुटसुटीत केलंय. एक बी चूक न्हाई."

बालाजीभाऊंनी पोलिसांचा रिपोर्ट वर घेतला.

त्याला फोटो जोडलेला होता. काळापांढरा, पण स्वच्छ. मोटारसायकलवर एक जाडजूड माणूस, पोटापर्यंत दाढी, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. खाली तारीख, वार आणि वेळ. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. बालाजीभाऊंनी फोटो जवळ ओढला.

"हा तर दूधवालाच," ते म्हणले. "आणि हा वार बघा. आठ धाला माझी व्हॅन उदगीरच्या स्टेशनजवळ असती. सगळी पोरं भरलेली असतात. शाळेच्या रजिस्टरला रोजची वेळ हाय."

म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम होतं. फोटो उघडला असता, शाळेच्या रजिस्टरची एक झेरॉक्स लावली असती, दूधवाल्याचं नाव-पत्ता दिला असता, तर कबुलीच्या जागी दुसरा अर्ज गेला असता. तो टाईप करायला मला दहा मिनिटं लागली असती, फार तर पंधरा. माझ्याकडं त्याचा फॉरमॅट नव्हता एवढंच.

परत येताना एसटीत मला रडू आलं. बालाजीभाऊ खिडकीकडं बघून म्हणले, "ताई, रडू नका. लोक बघायलेत. त्यांना वाटंल मीच काहीतरी केलो." मग शेंगा पुढं केल्या.

खुलासा लिहायचा होता. कबुली दिलेल्या केसवर आता अपील करून फार काही होणार नाही, हे ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. राहिला प्रश्न दडवण्याचा. तो त्यांनी सोपा करून दाखवला. "अनवधानानं राहिलं असं लिहा. सगळे तसंच लिहितात." मी तेपण टाईप केलं. प्रिंट काढली. चाचांनी वाचली आणि मशीनवर ठेवून दिली.

"ये अनवधान किसका था?" त्यांनी विचारलं.

मी म्हणलं, "चाचा, माझं नाव आलं तर उद्या इथं कोण येईल? सेंटरचा आयडी बंद करतील."

"हां, करेंगे बी. मैं कां नक्को बोल रहा हूं?" आणि त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला.

मी ती प्रिंट पर्समध्ये घातली आणि ठरवलं की लातूरला जाऊन बघू. खरं सांगायचं तर ठरवलं काहीच नव्हतं.

लातूरच्या ऑफिसात एक अधिकारी मॅडम होत्या. पन्नाशीच्या, आवाज अगदी हळू. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले, बालाजीभाऊ टेबलासमोर उभे. मॅडमनी नांदेडच्या नकला एक एक करून वाचल्या. फोटोकडं बघितलं, मग बालाजीभाऊंकडं. शाळेचं रजिस्टर बघितलं.

"गाडी तुम्ही चालवत नव्हता हे दिसतंय. मग कोर्टात कबूल का म्हणलात?"

"चुकलं, मॅडम."

"बरं, ते झालं. या फॉर्मवर सही कोणाची आहे?"

"माझीच."

"कोर्टानं दोषी ठरवलं का, याला तुम्ही नाही लिहिलंय."

"हाव मॅडम."

"माहीत असताना लिहिलं?"

मी वाट बघत होते की ते आता मागं वळून माझ्याकडं बोट दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. तसेच उभे, हात मागं बांधून, शाळेत उभं करतात तसे. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि फाईलवर काहीतरी लिहायला घेतलं.

मी उठले. "मॅडम, ते मी लिहिलं. त्यांनी विचारलं होतं मला, हे टाकायचं का म्हणून. मी नको म्हणलं. आणि कोर्टातला तो अर्जपण माझाच हाय."

"तुम्ही कोण?"

"मी टाईप करते. उदगीरला, कोर्टासमोर."

"त्यांनी न केलेला गुन्हा तुम्ही कबूल करायला लावला?"

"हो."

"का?"

या प्रश्नाचं उत्तर मी एसटीत दहा वेळा तयार केलं होतं. साईट स्लो होती, गर्दी होती, त्यांना घाई होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "लवकर होतं म्हणून," मी म्हणलं.

मॅडमनी एक कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "हे सगळं लिहून द्या. हातानं. इथं बसून."

अनवधानाची प्रिंट पर्समध्येच राहिली. किती वर्षांनी मी हातानं एक पान लिहीत होते. पहिल्या तीन ओळींत बोटं दुखायला लागली. बॅकस्पेस नाही. एक शब्द चुकला तर तो खोडलेला दिसणार. त्यामुळं प्रत्येक शब्द आधी मनात म्हणायचा, मग उतरवायचा. "मी त्यांना सांगितले की वाद घालू नका." हे एक वाक्य लिहायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात शेडवर तीन अर्ज झाले असते. बालाजीभाऊ उभेच होते. मॅडम म्हणल्या, "बसा हो तुम्ही," तर ते खुर्चीच्या कडेवर बसले.

त्यानंतर दीड महिना काहीच कळलं नाही. माझ्या सेंटरला चौकशीचं पत्र आलं. आयडी दोन महिने बंद राहिला. त्या दोन महिन्यांत मी चाचांच्या शेजारी बसून त्यांच्या गिऱ्हाइकांच्या हकिगती ऐकल्या. चाचा पाजायचे तो चहा मला अजून आवडत नाही, फार गोड असतो.

मग बालाजीभाऊंचा आदेश आला. नेमणूक लातूरला. सोबत ताकीद, यापुढं अशी माहिती दडवल्यास कडक कारवाई. नोकरी लागली. इथं मी थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती.

पण रुजू व्हायच्या आदल्या रविवारी ते शेडवर आले. नांदेडच्या नकला घरात टीव्हीखाली ठेवल्या होत्या. त्यांच्या मुलीनं, चौथीत आहे ती, काढून मोठ्यानं वाचल्या. "धोकादायक पद्धतीने." मग विचारलं, "पप्पा, तुम्ही असं चालवता?" तीपण त्याच व्हॅनमधून शाळेत जायची.

"काय सांगितलाव मग?" मी विचारलं.

"काय सांगू. सही माझी हाय त्याच्यावर." थोडं थांबून म्हणले, "ते साईटवरचं खोडता येतं का हो, ताई?"

मी कळत नसल्यासारखं केलं नाही. "न्हाई येत," म्हणलं.

"मग तुम्हीच चला. टायपिंग तुमचं हाय, तुम्हीच सांगा तिला."

गेले. मुलगी ओट्यावर बसून वहीला कव्हर घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, चाचा सांगतात तसं, पहिल्यापासून. दूधवाला, किटल्या, दाढी, आठ वाजून दहा मिनिटं. तिनं फोटो बघितला आणि तिला हसूच आलं, कारण तिचे पप्पा असे नाहीत हे कोणालाही दिसेल. मग तिनं कव्हर बाजूला ठेवलं.

"पण मग पप्पा हो का म्हणले?"

"मी म्हणायला सांगितलं म्हणून."

"तुम्ही त्यांच्या टीचर हाव का?"

"न्हाई."

तिनं फोटो परत माझ्या हातात दिला आणि वहीला कव्हर घालायला घेतलं.

आता माझ्याकडं ती "कबुली" फाईल नाही. समन्स घेऊन कोणी आलं की आधी फोटो उघडते, मग खुर्ची देते, मग कलम वाचून दाखवते. दिवसाला गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. काही जण अजूनपण म्हणतात, "ताई, एवढं कशाला, कबूल म्हणा आणि मोकळं करा." त्यांना घाई असते, तारीख लांब असते आणि केलं की नाही हे आठवायचासुद्धा कंटाळा आलेला असतो. मी विचारते, केलंय का तुम्ही? तर पुष्कळ जण जरा थांबतात.

तुमचं काय? न केलेल्या गोष्टीला, फक्त लवकर सुटावं म्हणून, तुम्ही कधी हो म्हणलाव का? आणि माझ्यासारखं दुसऱ्या कोणाला म्हणायला लावलंय का?